वाचक विचारतात: वाघीण, शिशाचं सील आणि घाटातला ब्रेक

मागच्या अंकात आपल्या गोव्यातल्या, घाटाच्या पायथ्याच्या कुळें स्टेशनवर चार ओळी काय लिहिल्या, पत्रं नि व्हॉट्सअॅप मेसेजची रांगच लागली, त्यातल्या निम्म्यांना पॅसेंजर गाडीशी काही देणंघेणं नाही, सगळे मालगाडीबद्दलच विचारतायत. मला बरंच वाटलं. मी काही रेल्वेतला माणूस नाही, शाळामास्तर होतो, पण काका मालगाडीवर गार्ड होते आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे कुळेंला त्यांच्या क्वार्टरमध्ये मुक्काम हे ठरलेलं. त्यामुळे थोडं तिथलं ऐकलेलं, थोडं नंतर वाचलेलं. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, जागा पुरत नाही.

माझी आजी मिरजेची, ती मालगाडीच्या डब्याला "वाघीण" म्हणते. मी वर्गात म्हटलं तर सगळी हसली. हा शब्द खरा आहे का? (नववीतली वाचक, फोंडा)

खरा आहे बाय, एकदम खरा. वॅगनचं मराठी तोंडात घोळून घोळून वाघीण झालं, जशी प्लॅटूनची पलटण झाली. ती वाघीण, त्या वाघिणी. "खताच्या चाळीस वाघिणी आल्या" असं मराठी पेपरात छापून यायचं, अजून येतं. आणि त्या वाघिणी जिथं रिकाम्या करतात तो मालधक्का. गुड्स शेड म्हणण्यापेक्षा मालधक्का किती छान वाटतं सांग, शब्दातच धक्का आहे, पोती आहेत, हमालांचा आवाज आहे. तुमची आजी मिरजेची म्हणजे तिनं हे जवळून पाहिलं असणार, कारण मिरजेला एके काळी छोटी लाइन आणि मोठी लाइन एकत्र यायची. छोटी म्हणजे मीटरगेज, रुळांमधलं अंतर 1000 मिलिमीटर, आणि मोठी ब्रॉडगेज, 1676. एका लाइनची वाघीण दुसऱ्या लाइनवर चालणार कशी? मग एक गाडी इकडे उभी, एक तिकडे, आणि मधे हमाल, पोतं न् पोतं पाठीवरून या वाघिणीतनं त्या वाघिणीत. आजीला विचार तिला काय आठवतं ते, आणि जे सांगेल ते लिहून ठेव.

आजोबांच्या लाकडी पेटीत शिशाची एक चपटी चकती मिळाली. रुपयाच्या नाण्याएवढी, दोन भोकं आरपार, एका अंगाला पुसट इंग्रजी अक्षरं. आजोबा मालधक्क्यावर कामाला होते. हे काय असावं? (कुडचडे)

हे वाघिणीचं सील. पहिली गोष्ट, शिसं आहे, लहान मुलांच्या हातात देऊ नका आणि हाताळल्यावर हात धुवा.

आता कसं वापरायचे ते. बंद वाघिणीत माल भरून झाला की दार ओढायचं, कडी घालायची, कडीतनं तार ओवायची आणि तारेची दोन्ही टोकं या शिशाच्या दोन भोकांतनं काढून एक खास पकड असायची तिनं दाबायचं. पकडीच्या जबड्यावर स्टेशनची अक्षरं कोरलेली, ती शिशावर उठायची. शिसं मऊ, तार आत घट्ट चिकटून बसली की सील फोडल्याशिवाय किंवा तार कापल्याशिवाय दार उघडायचं नाही.

तुम्ही म्हणाल असली तार तर नेलकटरनं पण कापता येईल, हे कसलं कुलूप. कुलूप नव्हतंच ते! चोर अडवणं हे सीलाचं काम नव्हतं, चोरी कुठं झाली ते सांगणं हे काम होतं. गाडी मोठ्या स्टेशनात आली की माणूस कंदील घेऊन प्रत्येक दाराचं सील बघत जायचा आणि वहीत लिहायचा. मागच्या स्टेशनात सील शाबूत आणि इथं तुटलेलं, म्हणजे जे काय झालं ते मधल्या पट्ट्यात, आणि नुकसानभरपाईचं भांडण कुणाच्या गळ्यात पडणार ते तिथंच ठरलं. हे मला काकांनी सांगितलं तेव्हा मी सातवीत होतो आणि इतकं साधं नि इतकं डोकेबाज वाटलं होतं की मी घरातल्या डब्यांना दोरा बांधून मेणाचं सील केलं, लाडू कोण खातं ते कळायला. कळलं. मीच होतो.

सीलाच्या जोडीला असायचं लेबल. वाघिणीच्या अंगाला एक पत्र्याची चिमटी, तिच्यात जाड कागदाचं कार्ड, कुठनं निघाली, कुठं जाणार, आत काय. मालकाच्या हातात बिल्टी, म्हणजे माल पाठवल्याची पावती, आणि वाघिणीच्या अंगावर हे कार्ड, बास. आपल्याकडच्या पावसात त्या कार्डाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको, शाई वाहून जायची नाहीतर कार्डच गळून पडायचं, आणि मग यार्डात एक भरलेली वाघीण उभी, कुणाची ते कुणालाच ठाऊक नाही. असल्या वाघिणींना रेल्वेत "अनकनेक्टेड" म्हणायचे. तिकडे व्यापारी रोज मालधक्क्यावर चकरा मारतोय, माझी सुपारी कुठे माझी सुपारी कुठे, आणि इकडे ती सुपारी तीन स्टेशनं सोडून उन्हात तापतेय. वाघीण आली आणि वेळेत रिकामी केली नाही तर मात्र डेमरेज, म्हणजे उशिराचा दंड, लगेच लागायचं, त्यात कधी उशीर नाही.

गोव्याच्या लाइनीला आणखी एक भानगड होती, सरहद्द. घाटमाथ्यावर कॅसलरॉकला ब्रिटिशांचं कस्टम, खाली कुळेंला पोर्तुगिजांचं. तपासणीला दार उघडलं की जुनं सील गेलं. तुमच्या चकतीवर कॅसलरॉकची अक्षरं निघाली तर फोटो जरूर पाठवा. बटाट्याची साल घासली की पुसट अक्षरं वर येतात असं कोणीतरी सांगेल, तसलं काही करू नका, पातळ कागद ठेवून वरनं पेन्सिल फिरवा, उठतील.

जुने लोक सांगतात की घाटातनं मालगाडी उतरायला अख्खा दिवस जायचा. उतरायला कसला वेळ लागतो? चढायला लागेल एकवेळ. (कुळें)

हा प्रश्न वाचून काका आठवले. ते म्हणायचे, इंजिनात दम नसला तर गाडी थांबते, ब्रेकमध्ये दम नसला तर गाडी थांबत नाही, आता तूच ठरव घाबरायचं कशाला.

ही लाइन मुळात झाली कशी ते थोडक्यात. 26 डिसेंबर 1878 ला ब्रिटिश आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला, मुरगाव बंदर बांधायचं आणि तिथनं घाट चढून ब्रिटिश मुलखात रेल्वे न्यायची. त्याच करारात गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांनी घेतला, आमच्या मिठागरवाल्यांचे हाल झाले तो विषय वेगळा आणि मोठा आहे. मुरगाव ते सावर्डे गाडी जानेवारी 1887 मध्ये सुरू झाली आणि 1888 मध्ये लाइन कॅसलरॉकला पोचली. सगळी मिळून 82 किलोमीटर, मीटरगेज. वास्को, मडगाव, सावर्डे इथपर्यंत काय, लोणी. खरी गंमत कुळेंच्या पुढे, दूधसागरच्या अंगाअंगानं कॅसलरॉकपर्यंत सुमारे 26 किलोमीटरचा ब्रागांझा घाट, चढ 1 ला 37. म्हणजे 37 मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. स्कूटरवाल्याला हे हसू येईल, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर, तेही जूनमध्ये शेवाळलेल्या ओल्या रुळावर, तिथं 37 ला एक म्हणजे भिंतच.

आता ब्रेक. जुन्या वाघिणींना व्हॅक्यूम ब्रेक असायचा. गाडीखालनं एक नळी शेवटपर्यंत जाते, इंजिन त्या नळीतली हवा ओढून घेतं, सुमारे 21 इंच (पाऱ्याच्या मापानं) व्हॅक्यूम म्हणजे पोकळी झाली की ब्रेक सुटतात, हवा आत सोडली की लागतात. युक्ती चांगली आहे, मधेच कपलिंग तुटलं तर नळी फाटते, हवा आपोआप आत शिरते, दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतो. पण यात दोन गोची. एक म्हणजे बाहेरच्या हवेचा जो काय दाब तेवढाच जोर, त्याच्या वर तुम्ही जाऊच शकत नाही. दुसरं, गाडी लांब असली की इंजिनाजवळच्या वाघिणीला ब्रेक आधी लागणार आणि शेपटाला कितीतरी नंतर, आणि मधे दोन वाघिणींच्या नळ्या जोडणाऱ्या एखाद्या रबरी होजला चीर गेली असेल तर व्हॅक्यूम टिकतच नाही. म्हणून घाट उतरायच्या आधी कॅसलरॉकला गाडी उभी करून ब्रेक तपासायचे, टीएक्सआर म्हणजे गाडी तपासनीस हातोडी घेऊन चाकं ठोकत जायचा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर वाघीण सिक. हो, आजारी वाघिणीला रेल्वेत सिकच म्हणतात आणि तिला ठेवतात ती सिक लाइन. जुन्या काळात उताराला लागण्याआधी वाघिणींच्या अंगाला जो लांब दांडा दिसतो ना, हँडब्रेकचा, ते सुद्धा एकेक करून खाली दाबून खिटी घालायची पद्धत होती, आणि उतार संपला की परत सगळे सोडत जायचे. गेला ना दिवस?

आणि उतरताना मधे कॅच सायडिंग. मेन लाइनला फुटून वर चढत जाणारा एक फाटा. सांधा, म्हणजे गाडी या रुळावरनं त्या रुळावर वळवणारे सरकते रूळ, नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो, मेन लाइनकडे नाही! उतरणाऱ्या गाडीनं आधी पूर्ण थांबायचं, थांबून दाखवायचं की बघा माझे ब्रेक शाबूत आहेत, मग सांधा फिरणार आणि वाट मिळणार. नाही थांबली तर गाडी फाट्यावर चढून आपोआप दमणार. म्हणजे घाटात गाडीवर विश्वास ठेवायचाच नाही असा नियम. दर वेळी सिद्ध कर.

मी एकदाच काकांबरोबर ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या शेपटाला असतो त्या गार्डच्या डब्यात, बसलोय, नियमात बसत नव्हतं, आता सांगायला हरकत नाही, काका राहिले नाहीत. एक लाकडी बाकडं, हँडब्रेकचं चाक, दोन झेंड्या, कंदील, धोक्याच्या वेळी रुळावर लावायच्या फटाक्यांचा डबा. काकांनी चहाचा ग्लास बाकड्यावर न ठेवता खाली जमिनीवर दोन पायांच्या मधे ठेवला होता. मी विचारलं का, तर बोलले थांब, कळेल. पुढच्या वाघिणी एकमेकांवर आदळत आल्या, धड धड धड धड असा आवाज पुढनं आमच्याकडे पळत आला आणि शेवटी आम्हाला जो दणका बसला त्यात मी बाकड्यावरनं खाली. चहा मात्र सांडला नाही. ब्रेकच्या ओतीव लोखंडाचा तापल्यावर एक वास येतो, किंचित आंबट, तो मला अजून कुठं वेल्डिंगच्या दुकानासमोर आला की घाट आठवतो.

आता यात एक उलटापालट झालीय ती लक्षात घ्या, माझ्या मते या लाइनीची खरी गोष्ट तीच आहे. मीटरगेजच्या काळात जड माल उतरायचा. गोव्यातलं लोखंडी खनिज बहुतेक सगळं मांडवी-जुवारीतनं बार्जनं जायचं, पण घाटावरचं, बळ्ळारी-होस्पेटकडचं खनिज रेल्वेनं मुरगावला यायचं. भरलेल्या वाघिणी खाली, रिकाम्या वर. म्हणजे सगळा प्रश्न ब्रेकचा. आता बंदरात परदेशी कोळसा येतो आणि घाटावरच्या पोलाद कारखान्यांना जातो. भरलेल्या वर, रिकाम्या खाली. प्रश्न इंजिनाचा झाला. पुढे इंजिनं, मागनं ढकलायला बँकर. लाइन ब्रॉडगेज झाली 90 च्या दशकात, आणि वाघिणी पण बदलल्या. हल्ली दिसते ती उघडी उंच वाघीण, बॉक्सएन, रिकामी साडेबावीस टनाच्या आसपास आणि पोटात 58 टन. त्यातला एन म्हणजे एअरब्रेकवाली. एअरब्रेकमध्ये नळीत हवेचा चौरस सेंटिमीटरला 5 किलोचा दाब भरून ठेवतात, तो कमी केला की ब्रेक लागतात, आणि 58 वाघिणींच्या शेपटापर्यंत पटकन पोचतं. जुन्या वाघिणींच्या आसाला पितळेचं बेअरिंग आणि तेलात भिजवलेल्या सुताचा बोळा असायचा, तेल संपलं की आस तापून धूर, "हॉट अॅक्सल", आणि ते पितळ चोरीला जायचं ते वेगळंच. आता रोलर बेअरिंग, ती कटकट पुष्कळ कमी झाली. कोळशाची धूळ घरात येते ती कटकट आली, पण ते वास्कोकरांनी लिहावं, माझ्यापेक्षा ते जास्त चांगलं लिहितील.

मी तारवटी आहे, जहाज बाल्टिमोरला लागलं तेव्हा तिथलं रेल्वे म्युझियम बघितलं. जुन्या अमेरिकन मालडब्याच्या छतावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लाकडी फळी आहे आणि वर एक आडवं चाक. आपल्या वाघिणींना असं कधी बघितलं नाही. (वास्को)

वा, फोटो झकास आलाय. ती फळी माणसानं चालायची, धावत्या गाडीच्या छतावरनं! एअरब्रेक सगळीकडे यायच्या आधी अमेरिकेत प्रत्येक डब्याचा ब्रेक वेगळा, आणि तो आवळायचं चाक छतावर. इंजिनानं शिट्टी दिली की ब्रेकमन या डब्यावरनं त्या डब्यावर उड्या मारत चाकं आवळत जायचे, बर्फात सुद्धा, रात्री सुद्धा. किती माणसं पडून मेली त्याला गणती नाही. दुसरं म्हणजे कपलिंग. दोन डबे जोडायला मधे उभं राहून कडी धरायची आणि खिळा घालायचा, बोटं जायची, तिकडे म्हणे नोकरीला आलेल्या माणसाची तुटकी बोटं बघून अनुभव मोजायचे. शेवटी 1893 मध्ये कायदा झाला, एअरब्रेक आणि आपोआप लागणारं कपलिंग सक्तीचं. फळ्या मात्र पुढेही कितीतरी वर्षं राहिल्या.

आपल्याकडे सगळं इंग्रजांच्या वळणानं, म्हणून ब्रेकचा दांडा खाली बाजूला, जमिनीवर उभं राहून दाबायचा, छतावर जायचं कामच नाही. पण ते अमेरिकन कपलिंग मात्र आपल्याकडे आलंय. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वळवा आणि एकमेकांत अडकवून ओढा, बस, तेच. त्याचं पेटंट जेनी नावाच्या माणसानं 1873 मध्ये घेतलं होतं. बॉक्सएनच्या टोकाला बघा, आज तेच आहे.

बंद वाघिणीतनं माणसं नेत असत का? (शिक्षिका, मडगाव)

नेत असत. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या मालडब्यांवर लिहिलेलंच असायचं, माणसं 40 किंवा घोडे 8. आपल्याकडची गोष्ट मात्र फार वाईट आहे. नोव्हेंबर 1921, मलबारमधल्या मापिला (मोपला) बंडातल्या शंभराच्या आसपास कैद्यांना तिरूर स्टेशनात एका बंद वाघिणीत कोंबून दार लावलं. पोदनूरला उघडलं तेव्हा कितीतरी माणसं गुदमरून गेलेली, नंतर गेली ती धरून साठाहून जास्त. ती वाघीण मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेची, आपली गोव्याची लाइन त्या काळात चालवायची तीच कंपनी. वाघीण पोत्यांसाठी बनवलेली असते हो, पोत्याला पाऊस लागू नये म्हणून फटी बुजवलेल्या असतात. वर्गात सांगणार असाल तर एवढंच सांगा, पुरे आहे.

आमच्या घरामागच्या फाटकावर मालगाडी जाते तेव्हा प्रत्येक डब्यावर अकरा आकडे असतात. मी एक लिहून घेतला: 22081037461. याचा अर्थ काय? (सहावीतला वाचक, सांकवाळ)

शाब्बास, धावत्या गाडीचे अकरा आकडे टिपले म्हणजे नजर चांगली आहे तुझी. आता फोड करू. पहिले दोन, 22, म्हणजे वाघिणीचा प्रकार. 10 ते 29 मधलं काहीही असलं की उघडी वाघीण, 30 पासनं 39 बंद, 40 ते 54 टाक्या, आणि 85 ते 89 असेल तर गार्डची ब्रेकव्हॅन. मग 08, म्हणजे मालक पश्चिम रेल्वे. मग 10, म्हणजे 2010 साली बनली, तुझ्यापेक्षा मोठी आहे. 3746 तिचा स्वतःचा नंबर.

शेवटचा 1 आहे ना, तो पहारेकरी. पहिल्या दहा आकड्यांतले दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा घे: 2, 8, 0, 7, 6, बेरीज 23, तिप्पट 69. उरलेले 2, 0, 1, 3, 4, बेरीज 10. दोन्ही मिळून 79. पुढच्या दशकाला, म्हणजे 80 ला, किती कमी? 1. जुळला! कारकुनानं घाईत एखादा आकडा चुकीचा लिहिला तर हा शेवटचा जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते. मघाच्या शिशाच्या सीलासारखंच आहे बघ, फक्त तार नाही.

पश्चिम रेल्वेची वाघीण सांकवाळला काय करतेय असं विचारशील. वाघिणी देशभर फिरत असतात, जिथं माल तिथं त्या. पूर्वी कंपन्या वेगवेगळ्या होत्या तेव्हा दुसऱ्याची वाघीण आपल्याकडे जितके दिवस राहील तितकं भाडं भरावं लागायचं, म्हणून परकी वाघीण लवकर रिकामी करून हाकलायची घाई असायची.

तू आता एक कर. आठवडाभर रोज एका गाडीतले पाच नंबर टिप, फक्त तिसरा-चौथा आकडा बघ, 01 मध्य, 06 दक्षिण, 09 दक्षिण मध्य. कुठल्या जास्त येतात ते मला कळव. आणि फाटकाच्या अलीकडनंच बघायचं हं, गेट पडलं की पुढे पाऊल नाही.